खाली वाकायचं नाही

मुरबाडची आजी कशाने गेली, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत तेव्हा मी तिच्या आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. तुम्ही ते तिथल्या तिथे शोधलंत आणि धाकटी म्हणाली, "आजी, हा तर फारच क्वचित होतो." खरं आहे. पण नाव कळलं म्हणजे सगळं कळलं असं नसतं. मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून, क्रमाने सांगायची सवय आहे आणि फोनवर क्रम राहत नाही. म्हणून लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण तिचं बोलणं मला इंग्रजीत उतरवता येत नाही. जन्मभर इंग्रजी शिकवूनही येत नाही.

ती माझी सख्खी धाकटी बहीण. आमचं माहेर खर्डीजवळचं. वडील रेल्वेत होते, त्यामुळे मला कल्याणला कॉलेजात जाता आलं आणि पुढे शहापूरच्या हायस्कुलात नोकरी मिळाली. तिला शाळेचा कंटाळा. दहावी झाल्यावर तिने हात जोडून वडिलांना सांगितलं, आता पुरे. लग्न होऊन ती मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या रस्त्यावरच्या एका गावात गेली. भाताची शेती, पाठोपाठ वाल, दोन म्हशी. नवरा लवकर गेला. मुलगा मुरबाडला कारखान्यात लागला आणि घर, शेत सुनेने उचललं. गावच्या विहारात दर पौर्णिमेला बायका जमतात. तिथे वंदना तीच सांगायची. आधी तिचा आवाज, मागून सगळ्यांचा. आवाज जाडसर आणि मोठा होता. बांधावरून हाक मारली तर रस्त्यावरची जीप थांबते, असं तिचा मुलगा म्हणायचा.

पावसाळा सरत आला होता तेव्हा तिचा फोन आला. "तायडे, मला सगळं दोन-दोन दिसतंय. एसटी आली तर दोन येतात, आन एकीतपण बसायला जागा नाय."

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, कल्याणला दाखव. ती आधी म्हणाली, भात कापून झाल्यावर जाईन. मग एक दिवस विळा चालवताना तिने दिसणाऱ्या दोन हातांपैकी चुकीचा हात खरा मानला आणि बोट कापून घेतलं. तेव्हा सून तिला जीपमध्ये घालून कल्याणला घेऊन आली. मी शहापूरहून तिथे पोचले. तिचा डावा डोळा नाकाकडे वळलेला दिसत होता. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "दोन ताया दिसतात गो. एकच पुरेशी होती."

डोळ्याच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि हा चष्म्याचा विषय नाही, असं सांगितलं. डोळा बाहेर वळवणारी नस कुठेतरी आत दबली होती. मग एमआरआय झाला. तिथून आम्हाला मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथल्या सर्जनने पडद्यावर चित्र दाखवून समजावलं. नाकातून सरळ मागे जात राहिलं की कवटीचा तळ लागतो. मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो, ते हे हाड. तिच्या त्या हाडात गाठ होती. मागे मेंदूचा देठ, म्हणजे श्वास आणि हृदयाचे ठोके चालवणारा भाग. दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या. आणि मध्ये ही, जेलीसारखी मऊ, हळूहळू हाड खाणारी. आईच्या पोटात बाळाचा कणा घडत असतो तेव्हा आधाराला एक दोरी असते, ती पुढे विरून जाते. एखाद्याच्यात तिचे कण मागे राहतात आणि पन्नास-साठ वर्षांनी त्यातून अशी गाठ उगवते.

"म्हंजे आईच्या पोटातलंच हाय हे?" तिने विचारलं.

"तसं म्हणता येईल," डॉक्टर म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "तायडे, तू माज्याआधी त्या घरात राहून गेलीस ना? जाताना झाडून का नाय गेलीस?"

डॉक्टरसुद्धा हसले. हसणं संपल्यावर त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. ही गाठ शरीरभर पसरण्याची घाई करत नाही, पण जिथे आहे तिथे पुन्हा वाढते. जितकी काढता येईल तितकी काढायची आणि जे उरेल त्याला जखम भरल्यावर विशेष किरणांचा उपचार द्यायचा. दोन्ही वेळेवर झालं तर बरीच वर्षं मिळू शकतात. एक राहिलं तर दुसऱ्याचा उपयोग कमी. मी ते दोनदा विचारून घेतलं. पुढच्या सगळ्या दिवसांत आमचं लक्ष याच एका गोष्टीवर होतं, की जखम भरावी आणि किरण वेळेवर सुरू व्हावेत.

ऑपरेशन दिवाळी झाल्यावर झालं. कवटी उघडली नाही. नाकाचे सर्जन आणि मेंदूचे सर्जन एकत्र उभे राहिले आणि दोन्ही नाकपुड्यांतून दुर्बीण आणि बारीक हत्यारं घालून त्यांनी हाड कोरलं. सकाळी नेलं होतं, बाहेर आणलं तेव्हा संध्याकाळचे दिवे लागले होते. गाठ बहुतेक निघाली. डाव्या धमनीला चिकटलेला पातळ थर त्यांनी मुद्दाम ठेवला. तो ओढला असता तर ती टेबलावरच गेली असती.

गाठ काढल्यावर कवटीच्या तळाला भोक राहतं. त्यातून मेंदूभोवतीचं पाणी नाकात उतरू शकतं आणि नाकातले जंतू मेंदूकडे चढू शकतात. म्हणून ते बुजवावं लागतं. तिच्या मांडीतून थोडी चरबी आणि पातळ पडदा काढला, भोकात बसवला आणि वरून नाकातल्याच अस्तराची पट्टी वळवून लावली. शुद्धीवर आल्यावर मी तिला हे सांगितलं.

"मांडीचं डोक्यात घातलं?" ती पुटपुटली. नाकात बोळे असल्यामुळे आवाज लहान मुलासारखा येत होता. "आता मला अक्कल कुठनं येते ते बघ."

तुम्ही तेव्हा व्हिडिओवर तिला पाहिलंत. एका डोळ्यावर पट्टी होती. तुमच्यातल्या मोठ्या नातवाने तिला समुद्री चाचा म्हटलं. ती आठवडाभर नर्सना सांगत होती, माझा नातू मला काय म्हणाला ऐका.

घरी सोडताना डॉक्टरांनी नियम सांगितले. ठिगळ धरेपर्यंत, दीड-दोन महिने, नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, खाली वाकायचं नाही. डोकं खाली गेलं की आतला दाब ठिगळावर येतो. सून समोर उभी राहून शब्द न शब्द ऐकत होती. तिचं शिक्षण सातवीपर्यंत, पण ऐकलेलं ती विसरत नाही.

मी शहापूरहून किन्हवलीच्या रस्त्याने एक-दोन दिवसांआड त्यांच्याकडे जायची. त्या घरात वाकण्याची एकही जागा सुनेने ठेवली नव्हती. झाडू माळ्यावर टाकला होता. चूल बंद, गॅसची शेगडी ओट्यावर. पिण्याचं पाणी उंच स्टुलावर. चपला घालायलासुद्धा वाकावं लागू नये म्हणून तिने सासूला अंगठ्याच्या चपलांऐवजी सरळ पाय सरकवायच्या चपला आणल्या होत्या. म्हशींच्या गोठ्याला दोरी बांधून ठेवली होती, सासूने आत जाऊ नये म्हणून.

"मला पण दावणीला बांधलंय हिने," माझी बहीण तक्रार करायची. "म्हशीला निदान वैरण मिळते. मला दूधभात."

"आई, तुमी गप ऱ्हावा," सून आतून म्हणायची. "डॉक्टर काय म्हनाले ते मावशींना विचारा."

"मावशींना काय विचारायचं? ती पन तुजीच पार्टी."

डोळा हळूहळू सरळ होत होता. दोन दिसणं कमी झालं होतं. रंग आला होता चेहऱ्यावर. किरणांसाठी मुंबईत नाव नोंदवलं होतं आणि तपासणीची वेळही मिळाली होती.

मग मार्गशीर्षाची पौर्णिमा आली. आधीची पौर्णिमा तिच्याशिवाय झाली होती. बायकांनी वंदना कशीबशी म्हटली होती, मध्येच अडखळल्या होत्या, आणि ते ऐकून तिला हसूही आलं होतं आणि हळहळही वाटली होती. या वेळी बायका निरोप घेऊन आल्या, जमलं तर फक्त येऊन बसा. सुनेने विचार केला. विहार घरापासून हाकेच्या अंतरावर. चढण नाही. तिने जायला हरकत घेतली नाही आणि नीट तयारी केली. थंड फरशीवर बसायला नको म्हणून पुढच्या ओळीत जाड चटई घातली. फुलांचं ताट, मेणबत्त्या, अगरबत्ती सगळं स्वतः उचललं. अगरबत्तीच्या धुराने शिंक येईल म्हणून ती लांब खिडकीशी लावली. सासूच्या कोपराला धरून तिला सावकाश बसवलं.

वंदना झाली. माझी बहीण हळू आवाजात बोलली, पण बोलली. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग प्रत्येक वेळी करतात तसा सगळ्यांनी पंचांग प्रणाम केला. तुम्ही तो केला नाहीत कधी, म्हणून सांगते. गुडघे टेकायचे, दोन्ही तळवे जमिनीला लावायचे आणि कपाळ जमिनीवर टेकवायचं. तीन वेळा. तिनेही तीन वेळा केला. शेजारी सून होती, तिनेही केला. सगळ्यांची डोकी एकदमच खाली होती, त्यामुळे कुणी कुणाला पाहिलं नाही.

घरात वाकणं म्हणजे झाडणं, लावणी, पाणी भरणं, शेण काढणं. वाकणं म्हणजे काम. बुद्धापुढे डोकं टेकणं हे वाकणं आहे, असं त्या विहारात कुणाच्याच मनात आलं नाही. मी तिथे असते तर माझ्या आलं असतं का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. बहुतेक नसतं आलं. लहानपणापासून ते शरीर आपोआप करतं.

तिसऱ्यांदा डोकं वर घेताना तिच्या नाकाच्या टोकावरून पाण्याचा थेंब चटईवर पडला. तिने पदराने नाक टिपलं. बाकीच्या रडत होत्या, त्यात ते कुणाला वेगळं वाटलं नाही. पुढचे दिवस ती घरात नाक टिपत राहिली आणि थंडी आहे म्हणाली. घशात मागे खारट चव येत होती. उठून बसलं की डोकं दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. मग ताप आला. मान वळेना. मुलाने गाडी केली आणि तिला थेट मुंबईला नेलं. मी आसनगावहून लोकलने गेले.

मेंदूच्या आवरणापर्यंत जंतू पोचले होते. डॉक्टरांनी सुनेला विचारलं, "काही जड उचललं का त्यांनी? वाकल्या होत्या का?"

"नाय डॉक्टर," सून म्हणाली. "आमी त्यांना झाडूला हातपन लावू दिला नाय." ती खरं बोलत होती.

डॉक्टर बहिणीकडे वळले. ती ग्लानीत होती, तरी डोळे उघडून म्हणाली, "शिंकले. तोंड मिटून शिंकले."

पाठीत बारीक नळी घालून ते पाणी बाजूने काढत होते, म्हणजे ठिगळावर जोर येऊ नये. तिला सपाट झोपवलं होतं. ताप उतरल्यावर एका दुपारी सून खाली जेवायला गेली आणि मी एकटीच बसले होते, तेव्हा तिने मला विहारातलं सगळं सांगितलं. थेंब कधी पडला तेही.

मी उठलेच. म्हटलं, हे डॉक्टरांना कळायला हवं.

"डॉक्टरला सांग. सुनेला नको."

"खोटं का बोललीस?"

"मंग काय बोलू? तिनेच चटई घातली, तिनेच बसवलं. पोरीने माजे चपलांपासून सगळे लाड केले. तिला कळलं तर ती जन्मात झोपायची नाय. आन गावातल्या बाया? परत कुनी डोकं टेकायला बघतील का? शिंक कुनाच्या मालकीची नसते, तायडे. शिंकच ऱ्हाऊ दे."

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, त्यानेच झालं असेल किंवा ठिगळ आधीच सैल होत असेल, पक्कं सांगता येत नाही, काहींचं सगळं पाळूनही गळतं. त्यांनी पुन्हा नाकातून जाऊन दुसऱ्या मांडीची चरबी घालून भोक बुजवलं. या वेळी ठिगळ धरलं. पण हॉस्पिटलातले दिवस वाढले आणि किरणांची ठरलेली वेळ निघून गेली. अंगात जंतू असताना आणि आत ओली जखम असताना ते देता येत नव्हते. सुरू झाले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. त्याआधीच्या एमआरआयमध्ये धमनीजवळचा तो पातळ थर पातळ राहिला नव्हता.

किरणांमुळे गाठ वर्षभर थोपली. त्या वर्षात ती पुन्हा विहारात गेली. खुर्चीवर बसून वंदना सांगायची आणि प्रणामाला नुसते हात जोडायची. बायका म्हणायच्या, शिंक सांभाळा हो आजी. ती म्हणायची, सांभाळते. मला तिच्या शेजारी बसून ते ऐकणं जड जायचं. मी शाळेत मुलांना कारण आणि परिणाम शिकवत आले. खरं कारण माहीत असून गप्प बसणं मला जमत नाही. पण तिचा शब्द होता, आणि ती जिवंत होती.

पुढच्या पावसाळ्यानंतर पाणी पिताना तिला ठसका लागायला लागला. आवाज घोगरा झाला, मग बारीक. गाठ आता खाली, गिळण्याच्या आणि बोलण्याच्या नसांकडे सरकली होती. डॉक्टर म्हणाले, कानामागून जाऊन आणखी एक ऑपरेशन करता येईल. त्या नसा वाचतील याची खात्री नाही. बहुधा पोटात नळी घालून जेवण द्यावं लागेल.

"बोलता येईल?" तिने विचारलं.

"कदाचित नाही."

"आन गाठ जाईल?"

डॉक्टरांनी मान हलवली. थोडी मागे राहीलच, असं म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटत होतं तिने हो म्हणावं. नळी लावून, मुकी होऊन, कशीही पण असावी. हे माझं वाटणं होतं. ती मुलाला म्हणाली, "घरी चला. म्हशीची वेळ झाली."

गेल्या फाल्गुनात ती गेली. शेवटचे काही दिवस बोलणं कळत नव्हतं, फक्त सुनेला कळायचं. सून तिच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकायची आणि आम्हाला सांगायची. कधीकधी दोघी हसायच्या. काय म्हणाली ते सून आम्हाला सांगायची नाही.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर पाहुणे गेले. मी दोन दिवस राहिले. वाल काढून अंगणात आणून टाकले होते, आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो. सून मान खाली घालून सोलत होती. ती मध्येच म्हणाली, "मावशी, शिंक नव्हती ती."

माझे हात थांबले. तिचे चालूच होते.

"चटईवर ओलं होतं. मी गोळा करताना हाताला लागलं. मला वाटलं आईंच्या डोळ्यातलं. मंग हॉस्पिटलात डॉक्टर पाण्याचं बोलले तेव्हा कळलं. आई शिंक म्हनाल्या, म्हनून मी पन गप बसले. त्यांना वाटावं मला म्हायत नाय."

"इतके दिवस?"

"त्या माज्यासाठी खोटं बोलल्या. मंग मी कसं सांगू?"

सव्वादोन वर्षं त्या एका घरात राहिल्या, एकमेकींच्या हातचं खाल्लं, आणि ही गोष्ट दोघींनी एकमेकींपासून जपली. मी मध्ये बसून तिसरी जपणारी. मला त्या क्षणी बहिणीचा रागच आला. तिने मला गप्प ठेवलं नसतं तर या पोरीला कुणाशी तरी बोलता आलं असतं.

मी तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. ठिगळ आधीच सैल असू शकलं असतं. थर उरलेलाच होता. किरण वेळेवर मिळाले असते तरी तो परत वाढला नसता असं कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

"हे मला बरं वाटावं म्हनून सांगता," ती म्हणाली.

"बरं वाटावं म्हणून मी कधी काही सांगितलंय का तुला?"

ती किंचित हसली. "नाय. तुमी नाय."

"तिच्या त्या प्रणामाने झालं असेल असंही मी म्हणते आहे. झालं असेल, नसेलही. हे कधीच कळणार नाही. तुला हे असंच घेऊन राहावं लागेल."

तिने मान हलवली. सूप माझ्याकडे सरकवलं आणि सोललेले वाल दोन्ही हातांनी त्यात ओतले. मग विचारलं, "येत्या पौर्णिमेला वंदना सांगायला बाया मला बोलवतात. मला येते सगळी. आईंच्या मागं म्हनून म्हनून पाठ झालीय. काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, जा.

ती गेली. मीही गेले होते. वंदना तिने न अडखळता सांगितली, आवाज लहान पण स्वच्छ. प्रणामाची वेळ आली तेव्हा सगळ्या खाली वाकल्या आणि ती गुडघ्यांवर तशीच ताठ बसून राहिली, तळवे मांडीवर उपडे ठेवून. बायकांनी डोकी वर घेतली तेव्हा ती पुढची ओळ म्हणायला लागली होती. दर पौर्णिमेला ती तशीच बसते. कुणी तिला विचारत नाही.